वैमानिक जे. आर. डी. टाटा

यवतमाळ जिल्ह्यात नेर किंवा बाभूळगावकडच्या शेतांत निरभ्र रात्री उभे राहिले, म्हणजे एखादा लुकलुकणारा दिवा ताऱ्यांमधून सरकताना दिसतो. मुंबई आणि नागपूर यांना जोडणारी सरळ हवाई वाट या जिल्ह्याच्या उत्तर सीमेजवळून जाते. त्या इवल्याशा दिव्याबरोबर शेदीडशे माणसे प्रवास करीत असतात. बैलगाडीत बसताना आपण गाडीवानाचा चेहरा पाहतो, त्याचे बैल पाहतो आणि मगच गाडीत पाय ठेवतो. विमानात मात्र कधी न पाहिलेल्या दोन वैमानिकांच्या हाती जीव सोपवून माणूस निर्धास्तपणे झोपी जातो. हा विश्वास आपल्या देशात ज्यांच्या हयातीत आणि पुष्कळ अंशी ज्यांच्या श्रमांनी निर्माण झाला, ते जहांगीर रतनजी दादाभाई टाटा होत. सारा देश त्यांना जे. आर. डी. या नावाने ओळखतो.

टाटा हे नाव विदर्भाला नवीन नव्हते. कापसाच्या मुलखाला लागून गिरणी असावी, या हेतूने जमशेटजी टाटांनी नागपूरला एम्प्रेस मिल उभारली होती. ती १८७७ साली सुरू झाली. त्याच कुटुंबात २९ जुलै १९०४ रोजी जहांगीर यांचा जन्म पॅरिस येथे झाला. वडील रतनजी दादाभाई हे जमशेटजींचे आप्त व व्यवसायातील सहकारी. आई सुझान फ्रेंच होती. उन्हाळ्यात हे कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील हार्डेलो या गावी राहावयास जाई. तेथे लुई ब्लेरिओ यांचेही घर होते. १९०९ साली विमानातून इंग्लिश खाडी प्रथम ओलांडणारे ते हेच ब्लेरिओ. अशा शेजारात वाढलेल्या मुलाला विमानाचे वेड लागले नसते, तरच नवल! पंधराव्या वर्षी जहांगीर यांनी तेथेच पहिल्यांदा विमानातून फेरी मारली आणि आपण वैमानिक व्हावयाचे, हे मनाशी ठरवून टाकले.

तो योग येण्यास बरीच वर्षे जावी लागली. दरम्यान ते हिंदुस्थानात येऊन टाटांच्या कचेरीत उमेदवारी करू लागले होते. मुंबईत जुहू येथे फ्लाइंग क्लब निघाला, तेव्हा ते तेथे शिकण्यास गेले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. त्यावर आकडा होता १. हिंदुस्थानात दिला गेलेला हा पहिलाच परवाना होय.

त्या काळची वैमानिकाची परीक्षा आज फार साधी वाटेल. आठच्या आकड्याप्रमाणे वळणे घेत उडावयाचे, उंचावर इंजिन बंद करून विमान तरंगत खाली आणावयाचे आणि ठरवून दिलेल्या खुणेजवळ टेकवावयाचे, अशी तिची साधारण रीत होती. ती उतरणारा मनुष्य स्वतःपुरते विमान चालविण्यास मोकळा होई. भाडे घेऊन उतारू किंवा टपाल न्यावयाचे असेल, तर निराळा आणि अधिक कठीण परवाना लागे. आपला जीव धोक्यात घालणे आणि दुसऱ्याचा जीव हाती घेणे, यांत कायद्याने तेव्हापासूनच भेद केला होता. आणि तो योग्यच होता.

१९३० सालासाठी आगाखानांनी एक बक्षीस लावले होते. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधील अंतर जो हिंदी तरुण एकट्याने विमानातून प्रथम पार करील, त्याला ५०० पौंड मिळावयाचे होते. जे. आर. डी. कराचीहून निघाले. अस्पी इंजिनियर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून उलट दिशेने येत होता. इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पीच्या विमानाचे स्पार्क प्लग निकामी झाले होते आणि जवळ दुसरे नव्हते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला काढून दिले. पुढे बक्षीस अस्पीने जिंकले. हाच मुलगा १९६० साली भारतीय वायुसेनेचा प्रमुख झाला.

दोन वर्षांनी जे. आर. डीं.च्या आयुष्यातील मोठा दिवस उजाडला. नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाच्या साहाय्याने त्यांनी टपालवाहतुकीची योजना आखली होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून त्यांनी एकट्याने उड्डाण केले. विमान पस मॉथ जातीचे, एका इंजिनाचे होते. वाटेत अहमदाबादला ते उतरले. तेथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणलेले होते! दुपारी ते जुहूला पोहोचले. पुढचे टपाल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. वाट दाखविणारा रेडिओ नव्हता. नद्या, रूळ आणि किनारा पाहत जावे लागे. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, मग पुण्याहून काम चाले. भारतातील नियमित हवाई वाहतुकीचा आरंभ हा असा झाला.

या छोट्या सेवेतून १९४६ साली एअर इंडिया ही कंपनी निघाली. ८ जून १९४८ रोजी तिचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघाले, जे. आर. डी. त्यात होते. मॉथ विमानाला एक इंजिन, तर या कॉन्स्टेलेशन विमानाला चार. येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. सायकल चालविता येणाऱ्यास कोणतीही सायकल चालविता येते. विमानाचे तसे नाही. प्रत्येक जातीच्या विमानाचे वजन, वेग, इंधनाची व्यवस्था, संकटाच्या वेळी करावयाच्या क्रिया, सारे निराळे असते. म्हणून मोठ्या विमानाच्या वैमानिकाला त्या जातीचे स्वतंत्र शिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते आणि तिची नोंद परवान्यावर करून घ्यावी लागते. या नोंदीला टाइप रेटिंग म्हणतात. ती नसेल, तर हजारो तास उडालेला कसलेला वैमानिकदेखील त्या विमानाचा चालक होऊ शकत नाही.

१९५३ साली सरकारने विमानकंपन्या ताब्यात घेतल्या, तरी एअर इंडियाचे अध्यक्षपद जे. आर. डीं.कडेच राहिले. १९६० साली त्यांनी बोइंग ७०७ ही जेट विमाने आणली. पंख्यांची विमाने वर्षानुवर्षे चालविलेल्या वैमानिकांना तेव्हा पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले. जेट विमान ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास धावते. विचार करण्यास मिळणारा वेळ तेवढाच आखूड होतो. केस पिकलेल्या माणसाने पुन्हा बाकावर बसणे सोपे नसते. तरी दोन वर्षांतच एअर इंडियाचा सारा ताफा जेट विमानांचा झाला.

टाइप रेटिंग मिळाले, म्हणजेही सुटका नाही. उतारूंच्या विमानाच्या वैमानिकाची प्रावीण्यचाचणी वर्षातून दोनदा होते. आज ती बहुधा सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच राहून विमानासारख्या हलणाऱ्या यंत्रात घेतात. शेजारी परीक्षक बसतो. धावपट्टी सोडता सोडता एक इंजिन बंद पाडले जाते. बाहेर धुके दाखवून केवळ घड्याळासारख्या उपकरणांवर विमान उतरवावयास सांगतात. उतरणार इतक्यात पुन्हा वर नेण्याचा हुकूम होतो. चाचणीत चूक झाली, तर पुन्हा शिकून परीक्षा देईपर्यंत त्या वैमानिकाला उतारू नेता येत नाहीत. हाताला लागलेले वळण न वापरल्याने बोथट होते आणि संकट रोज येत नसल्यामुळे त्याचा सराव मुद्दाम करावा लागतो, हे या चाचणीमागचे कारण आहे.

ही कडक शिस्त अनुभवातून आली आहे, आणि तो अनुभव फार महाग पडला आहे. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे 'कांचनजंगा' विमान युरोपातील माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि ११७ माणसे गेली, त्यांत जे. आर. डीं.चे स्नेही डॉ. होमी भाभा होते. पर्वताच्या संदर्भात आपण नेमके कोठे आहोत, याचा वैमानिकाचा अंदाज चुकला होता. १ जानेवारी १९७८ च्या रात्री 'सम्राट अशोक' हे जंबो विमान मुंबईहून उडाले आणि थोड्याच वेळात वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ जणांपैकी एकही वाचला नाही. विमान किती कलले आहे हे दाखविणारे एक उपकरण बिघडले होते. खाली काळोखा समुद्र, वर काळोखे आकाश. समोरची इतर उपकरणे खरे सांगत असता वैमानिकाने बिघडलेल्या उपकरणावर विश्वास ठेवून विमान उलट बाजूस झुकविले, असे चौकशीत निष्पन्न झाले. एक उपकरण खोटे बोलू लागले, तर इतरांशी ताडून पाहावयाचे, हा धडा प्रत्येक वैमानिक शिकलेला असतो. त्या रात्री तो अमलात आणण्यास मिळाले, ते काही सेकंदच.

जे. आर. डी. स्वतः एअर इंडियाच्या विमानांतून प्रवास करीत, तेव्हा त्यांच्याजवळ टिपणवही असे. पडदे, खुर्च्या, चहा या बारीकसारीक गोष्टींतील उणिवाही ते टिपून संबंधितांना कळवीत. १९७८ च्या फेब्रुवारीत सरकारने त्यांना अध्यक्षपदावरून दूर केले. विमानाचा ध्यास मात्र सुटला नाही.

पहिल्या टपालफेरीला पन्नास वर्षे झाली, तेव्हा ती फेरी पुन्हा करून दाखवावयाची, असे त्यांनी ठरविले. त्यांचे वय होते अठ्ठ्याहत्तर. जुने पस मॉथ आता मिळेना, म्हणून त्याच घराण्यातले लेपर्ड मॉथ हे विमान घेतले. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांनी कराचीहून उड्डाण केले, अहमदाबादला थांबले आणि जुहूच्या त्याच मैदानावर विमान उतरविले.

१९९२ साली त्यांना भारतरत्न हा किताब देण्यात आला. पुढच्या वर्षी, २९ नोव्हेंबर रोजी, जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.