विकिपीडियावर बेलारूसी भाषा दोनदा का दिसते? कारण आहे गोळी घालून मारलेला एक व्याकरणकार

विकिपीडियाच्या भाषांची यादी कधी नीट बघितलीय का? त्यात बेलारूसी दोनदा आहे. भाषा तीच, लिपी तीच, तरी विकिपीडिया दोन. भांडण आहे शुद्धलेखनाचं. आणि त्यातल्या एका शुद्धलेखनाला चक्क एका माणसाचं नाव आहे, तराश्केवित्सा.

तो माणूस म्हणजे ब्रनिस्लाव तराश्केविच.

जन्म १८९२ चा, विल्नाजवळच्या खेड्यातला. विल्ना म्हणजे आजच्या लिथुआनियाची राजधानी विल्नियस. तेव्हा तिथं रशियाच्या झारचं राज्य होतं आणि १९०५ पर्यंत बेलारूसीत काही छापणं जवळपास अशक्यच. पुढं मोकळीक मिळाली, पेपर निघाले, कविता आल्या. पण लिहायचं कसं हे ठरलेलं नव्हतं, जो तो आपल्या पद्धतीनं लिहायचा.

तराश्केविच पीटर्सबर्ग विद्यापीठात शिकले आणि १९१८ साली, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी, त्यांनी विल्नात शाळांसाठी बेलारूसी व्याकरण छापलं. होतं साधं शाळेचं पुस्तक, पण लिहिणाऱ्यांनी तेच प्रमाण मानलं.

१९२१ च्या तहात बेलारूसची फाळणी झाली. पश्चिमेचा भाग पोलंडकडे, पूर्वेचा सोव्हिएतकडे. १९२२ मध्ये तराश्केविच पोलंडच्या संसदेत निवडून आले. नंतर त्यांनी 'ह्रमादा' ही शेतकरी-कामगारांची संघटना उभी केली. जमीन आणि मातृभाषेतली शाळा या मागण्यांवर बघता बघता एक लाखाहून जास्त सभासद झाले. सरकार घाबरलं. जानेवारी १९२७ मध्ये, खासदार असतानाही, त्यांना उचललं. शिक्षा झाली १२ वर्षांची. १९३० ला सुटले, पुन्हा आत गेले.

तुरुंगात ते काय करत होते? पोलिश कवी मित्स्किएविचचं 'पान तादेउश' हे महाकाव्य बेलारूसीत आणत होते. पोलंडच्या कैदेत बसून पोलंडचंच राष्ट्रीय काव्य!

१९३३ मध्ये कैद्यांची अदलाबदल झाली. पोलंडनं तराश्केविच दिले आणि बदल्यात सोव्हिएत छावणीत सडत असलेले बेलारूसी नाटककार फ्रान्तिशाक अल्याख्नोविच घेतले. तराश्केविच डाव्या विचारांचे, त्यामुळं ते आपल्याच माणसांत निघाले होते असं म्हणायला हरकत नाही.

पण त्याच वर्षी सोव्हिएत सरकारनं बेलारूसी शुद्धलेखन बदललं. उदाहरण बघा. बर्फाच्या शब्दात 'स' मृदू उच्चारायचा हे दाखवायला तराश्केविच एक छोटं चिन्ह लिहायला सांगत. ते काढलं आणि तो शब्द लिहायला हुबेहूब रशियनसारखा झाला. बरेच नियम असेच रशियनच्या जवळ सरकले.

तराश्केविचना बेलारूसमध्ये नाही, मॉस्कोत काम मिळालं. १९३७ मध्ये स्टालिनच्या धरपकडीत तेही सापडले. नोव्हेंबर १९३८ मध्ये मिन्स्कमध्ये त्यांना गोळ्या घातल्या. वय ४६. पोलंडनं सोव्हिएतचा माणूस म्हणून डांबलं होतं, सोव्हिएतनं पोलंडचा हेर म्हणून मारलं. १९५७ मध्ये ते निर्दोष असल्याचं मान्य झालं.

शुद्धलेखन मात्र १९३३ चंच सरकारी राहिलं. जुनं टिकलं ते देशाबाहेर गेलेल्या बेलारूसी लोकांत, आणि सोव्हिएत संघ फुटल्यावर देशातही काही जण पुन्हा तसं लिहू लागले. २००७ मध्ये विकिपीडियाचा मूळ पत्ता सरकारी शुद्धलेखनाला मिळाला, जुनं वेगळ्या पत्त्यावर गेलं. त्या पत्त्यात आज 'तरास्क' अशी अक्षरं आहेत.