चार्ली चॅप्लिन : हसू आणि आसू

डोक्यावर लहानशी काळी टोपी, अंगात तोकडा कोट, ढगळ विजार, पायांत मोठाले बूट, ओठांवर चिमुकली मिशी आणि हातात वेताची काठी. हा माणूस पडद्यावर दिसला, की लहानथोर सगळेच हसू लागतात. त्याला घर नाही, खिशात पैसा नाही. पण त्याची ऐट मात्र एखाद्या साहेबासारखी! हे सोंग रंगवणाऱ्या इंग्रज नटाचे नाव चार्ली चॅप्लिन. १९६४ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. तेव्हा त्यांचे वय पंचाहत्तर होते. साऱ्या जगाला हसवणाऱ्या या कलावंताने त्यात सांगितलेली लहानपणाची हकिगत वाचून डोळ्यांत पाणी येते.

चार्लीचा जन्म १६ एप्रिल १८८९ रोजी झाला. त्याचे बालपण लंडनमध्ये गेले. त्याचे आईवडील दोघेही रंगमंचावर गाणी म्हणत. वडिलांना दारूचे व्यसन होते. ते लवकरच वेगळे राहू लागले. थोरला मुलगा सिडनी आणि धाकटा चार्ली यांना आई हॅना एकटीच सांभाळू लागली.

चार्ली पाच वर्षांचा असतानाची गोष्ट. ऑल्डरशॉट या गावी आईचे गाणे होते. गाता गाता तिचा आवाज बसला. लोक ओरडू लागले, तिची टिंगल करू लागले. शेवटी व्यवस्थापकाने छोट्या चार्लीलाच रंगमंचावर उभे केले. त्याने गाणे सुरू करताच नाण्यांचा पाऊस पडला. चार्लीने गाणे थांबवले आणि तो नाणी वेचू लागला. लोक पोट धरून हसले. मग भोळेपणाने त्याने आईच्या घोगऱ्या आवाजाचीही नक्कल केली. त्या रात्री मुलगा पहिल्यांदा रंगमंचावर आला आणि आई शेवटची.

त्यानंतर घरात अठराविश्वे दारिद्र्य आले. आई शिवणकाम करी, पण त्यावर भागेना. अखेर तिघांनाही निराधारगृहात जावे लागले. तेथे पोटाला अन्न मिळे, पण आईला आणि मुलांना वेगवेगळे ठेवत. पुढे मुलांना दूरच्या शाळेत पाठवले. मुलांना भेटण्यासाठी एकदा आईने एक युक्ती केली. निराधारगृह सोडत असल्याचे सांगून ती मुलांना घेऊन बाहेर पडली. सिडनीजवळ थोडे पैसे होते. तिघांनी बागेत बसून चेरी खाल्ल्या, वर्तमानपत्राचा चेंडू करून खेळ मांडला आणि संध्याकाळी तिघेही पुन्हा निराधारगृहाच्या दारात हजर झाले! तो एक दिवस चॅप्लिन म्हातारपणीही विसरले नाहीत.

आई खिडकीत बसून रस्त्यावरच्या माणसांच्या चालीची व चेहऱ्यांची हुबेहूब नक्कल करी. माणसांकडे कसे पाहावे, हे चार्ली तिच्याकडूनच शिकला. पुढे हालअपेष्टांनी तिच्या मनावर परिणाम झाला. चौदा वर्षांच्या चार्लीने तिला हाताला धरून दवाखान्यात नेले.

त्याच सुमारास चार्ली नाटकांत कामे करू लागला. नंतर तो फ्रेड कार्नो यांच्या विनोदी नाटक मंडळीबरोबर अमेरिकेला गेला. १९१४ पासून तो चित्रपटांत दिसू लागला. थोड्याच वर्षांत त्याचे नाव जगभर झाले. १९२१ मध्ये चॅप्लिन यांनी आईला अमेरिकेत आणले आणि तिच्या अखेरपर्यंत तिला सुखात ठेवले.

त्याच वर्षी त्यांचा ‘द किड’ हा चित्रपट आला. एक गरीब माणूस टाकून दिलेल्या बाळाला वाढवतो, अशी त्याची कथा आहे. मुलाचे काम जॅकी कूगन या छोट्या नटाने केले. अधिकारी मुलाला ओढून नेतात, या प्रसंगी जॅकीला रडायचे होते; पण खेळकर जॅकीला काही केल्या रडू येईना. तेव्हा त्याच्या वडिलांनी, रडला नाहीस तर निराधारगृहात पाठवू, अशी भीती घातली. जॅकी हुंदके देऊन रडू लागला. चित्रण संपताच चॅप्लिन यांनी त्याला उचलून घेतले आणि त्याची समजूत घातली. जॅकीने त्यांच्या कानात हळूच सांगितले, की वडील थट्टा करत होते हे त्याला ठाऊकच होते. जॅकीसाठी ती थट्टा होती. चॅप्लिन यांना मात्र त्या दाराआडचे जग चांगलेच माहीत होते.

आपल्याबरोबर काम करणाऱ्यांकडून ते फार कष्ट करून घेत. ‘सिटी लाइट्स’ या १९३१ च्या चित्रपटात आंधळ्या फूलवालीचा एक छोटासा प्रसंग त्यांनी शेकडो वेळा करून घेतला. पण सहकाऱ्यांचे उपकारही ते विसरत नसत. एडना पर्व्हियन्स ही अभिनेत्री तीसहून अधिक चित्रपटांत त्यांची नायिका होती. तिचे काम थांबल्यावरही १९५८ मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत चॅप्लिन यांनी तिचा पगार चालू ठेवला. आजारपणात तिने आभार मानून लिहिलेली पत्रे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात जपून ठेवली आहेत.

१९५२ मध्ये राजकीय संशयावरून अमेरिकेने त्यांचा परतीचा परवाना रद्द केला. ते स्वित्झर्लंडमध्ये राहू लागले. वीस वर्षांनी त्याच अमेरिकेने त्यांना बोलावून ऑस्करचा विशेष सन्मान दिला. सभागृहातील लोक उभे राहून कितीतरी वेळ टाळ्या वाजवत होते. २५ डिसेंबर १९७७ रोजी चॅप्लिन यांचे निधन झाले.

चॅप्लिन यांनी गरिबीची लाज बाळगली नाही आणि गरिबाची टिंगलही केली नाही. त्यांच्या चित्रपटांत फजिती होते ती बहुधा गर्विष्ठांची आणि जुलूम करणाऱ्यांची. ज्याने स्वतः दुःख भोगले, त्याने दुसऱ्यांना हसू वाटले. म्हणूनच तो विजारवाला भटक्या आजही सर्वांना आपला वाटतो.