अंगुलिमाल आणि आजची जन्मठेप

अंगुलिमालाची गोष्ट आपण विहारात लहानपणापासून ऐकतो. ती बहुतेकदा प्रव्रज्येपाशीच थांबते. पुढचा भाग आज जास्त गरजेचा आहे, असे आम्हाला वाटते.

कोसल देशातला हा तरुण. आईचे नाव मंतानी, वडिलांचे गग्ग. अट्ठकथा सांगते की तक्षशिलेत सहाध्यायांनी मत्सराने गुरूचे कान भरले आणि गुरूने दक्षिणेत हजार बोटे मागितली. तो खुनी झाला, गावे ओस पडली. तथागत एकटेच त्याच्या वाटेने गेले. त्याने शस्त्र टाकले आणि तो भिक्खू झाला.

राजा पसेनदी ५०० घोडेस्वार घेऊन त्याला पकडायला निघाला होता. वाटेत तो तथागतांना भेटला, तर शेजारी चीवरातला अंगुलिमाल! राजा आधी घाबरला, मग त्याने चीवर आणि भोजन देऊ केले. दंडाचा अधिकार हाती असूनही वापरला नाही.

भन्ते अंगुलिमाल पुढे अर्हत झाले. तरी भिक्षेला गेले की दगड बसत. डोके फुटले, पात्र फुटले. तथागतांनी ते सोसायला सांगितले. केलेले पुसले गेले नाही, पण माणूस बदलला हेही नाकारले गेले नाही.

आपल्याकडे जन्मठेप म्हणजे उरलेले आयुष्य. १९७८ मध्ये आलेल्या कलम ४३३-अ मुळे गंभीर गुन्ह्यांत १४ वर्षांआधी सुटका बंद झाली. मारू राम खटल्यात त्याला आव्हान दिले गेले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवले, मात्र संविधानाच्या कलम ७२ आणि १६१ मधला माफीचा अधिकार अबाधित ठेवला. २०१५ मध्ये श्रीहरन खटल्यात, फाशीऐवजी ठरावीक वर्षे सूट न देता कैद सुनावण्याचा उच्च व सर्वोच्च न्यायालयांचा अधिकार घटनापीठाने बहुमताने मान्य केला. त्या वर्षांत कैदी कितीही सुधारला तरी सरकारच्या नेहमीच्या सुटीचा दरवाजा बंद.

अत्याचाराच्या खटल्यांत आपण कठोर शिक्षा मागतो, आणि मागत राहू. पीडित कुटुंबाचा राग खरा आहे. पण शिक्षा कठोर असणे वेगळे आणि माणूस बदललाच नाही असे आधीच ठरवणे वेगळे. सुटकेचा निर्णय वागणूक तपासून, पीडितांना ऐकून, सर्वांना एकाच निकषावर व्हावा. जात, पैसा, राजकीय ओळख बघून सुटका होते तेव्हा कलम १४ मोडते. वकील नसलेला गरीब कैदी अर्जाविना आत राहतो, तेव्हाही. अशा कैद्याच्या घरच्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणापर्यंत नेणे, एवढे काम आपण उद्यापासून करू शकतो.

जय भीम.