सुझान लेंग्लेन : एका घराने घडविलेली खेळाडू

पॅरिसच्या रोलाँ गॅरोस संकुलातील एका मोठ्या मैदानाला आणि फ्रेंच स्पर्धेतील महिला एकेरीच्या करंडकाला सुझान लेंग्लेन हे नाव दिलेले आहे. या नावामागे एका असामान्य खेळाडूची कथा आहे. तितकीच ती तिच्या आईवडिलांचीही आहे.

सुझानचा जन्म २४ मे १८९९ रोजी पॅरिसमध्ये झाला. ती लहानपणी अशक्त होती. दम्याने तिला वारंवार गाठावे. मोकळ्या हवेत खेळल्याने प्रकृती सुधारेल, या साध्या हेतूने वडील शार्ल यांनी १९१० मध्ये तिच्या हाती रॅकेट दिली. मुलीची चपळाई त्यांच्या ध्यानात आली आणि उपचार म्हणून सुरू झालेला खेळ अल्पावधीतच त्या घराचे व्रत बनला.

शार्ल स्वतः नामांकित खेळाडू नव्हते. परंतु नीस येथील त्यांच्या हिवाळी निवासासमोरच टेनिस क्लब होता. तेथे येणाऱ्या उत्तम खेळाडूंचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले. त्या काळी स्त्रियांनी चेंडू सुरक्षितपणे परतवीत राहावे, अशीच रीत होती. मुलींनी पुरुषांप्रमाणे वेगाने आणि आक्रमकपणे का खेळू नये, असा प्रश्न शार्ल यांना पडला. त्यांनी सुझानला पुरुषांबरोबर सरावास उतरविले. मैदानावर रुमाल अंथरून नेमका त्यावरच चेंडू टाकण्याचा सराव ते तिच्याकडून तासन् तास करून घेत. आई अनाईस मैदानाच्या कडेला बसून असे. चूक झाली की तिची कठोर टीका सर्वांदेखत ऐकू येई. प्रेम आणि धाक यांची सीमारेषा त्या घरात फार पुसट होती.

१९१४ मध्ये, अवघ्या पंधराव्या वर्षी, सुझानने सें-क्लू येथील जागतिक हार्डकोर्ट स्पर्धा जिंकली. लगेच महायुद्ध पेटले आणि उमेदीची चार वर्षे गेली. १९१९ मध्ये ती विम्बल्डनला प्रथमच उतरली. अंतिम लढतीत तिच्यासमोर सात वेळा विजेत्या ठरलेल्या, चाळिशीच्या डोरोथिया लँबर्ट चेंबर्स होत्या. राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी प्रेक्षकांत होते. सुझान थकली, तेव्हा वडिलांनी कोन्याकमध्ये भिजविलेले साखरेचे खडे तिच्याकडे फेकले. पराभव एका गुणावर आलेला असताना तिने दोनदा तो परतविला आणि १०-८, ४-६, ९-७ असा विजय मिळविला. आखूड बाह्यांचा तिचा सुटसुटीत पोशाख पाहून काहींनी नाके मुरडली. पण स्त्रीला धावायचे असेल तर वस्त्रांनी तिला अडवू नये, हे त्या दिवशी अनेकांना पटले.

विम्बल्डनचे एकेरीचे अजिंक्यपद तिने सहा वेळा मिळविले. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये तिला दोन सुवर्णपदके लाभली. १९२१ मध्ये अमेरिकेत मात्र मोला मॅलरीविरुद्ध खोकल्याने बेजार होऊन तिला सामना अर्धवट सोडावा लागला, आणि त्याबद्दल बोलही ऐकावे लागले. सतत जिंकण्याचे ओझे तिच्या मनावर आणि शरीरावर साचत होते. फेब्रुवारी १९२६ मध्ये कान येथे हेलन विल्सवर तिने ६-३, ८-६ अशी मात केली, ती प्रचंड ताण सोसूनच.

त्याच वर्षी तिने व्यावसायिक खेळ पत्करला. तिच्या नावावर गर्दी लोटे आणि आयोजकांची तिजोरी भरे. हौशी खेळाडूला मात्र मोबदला घेण्याची बंदी होती. हा अन्याय तिने उघडपणे बोलून दाखविला. या निर्णयामुळे विम्बल्डनची दारे तिला कायमची बंद झाली.

पुढे वडील गेले, प्रेक्षकांचा कल्लोळ निवाला. तेव्हा सुझान पॅरिसमध्ये मुलांना टेनिस शिकवू लागली. ज्या कलेचे धडे तिला इतक्या कडक शिस्तीत मिळाले होते, तीच कला आता ती पुढच्या पिढीच्या हाती देत होती. हे काम बहरत असतानाच ४ जुलै १९३८ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, पंडुरोगाच्या एका गंभीर प्रकाराने तिचे निधन झाले.

लेंग्लेन कुटुंबाने मुलीसाठी वेळ, पैसा आणि सारे आयुष्य वेचले. मुलीने मैदानावर पुढे सरसावून खेळावे, असे मानणारे आईबाप त्या काळी विरळाच होते. ते ऋण जगातील प्रत्येक महिला खेळाडूवर आहे. परंतु आजारी पोरीच्या हाती रॅकेट आली होती ती तिला मोकळा श्वास घेता यावा म्हणून, आणि पुढे विजयाच्या हव्यासात तोच श्वास अनेकदा कोंडला, हेही विसरता येत नाही. आपल्या शाळेच्या मैदानाच्या कडेला संध्याकाळी मुलींचा खेळ पाहत थांबणाऱ्या पालकांनी या कथेच्या दोन्ही बाजू मनात ठेवाव्यात. मैदानापर्यंत मुलीचा हात धरून जरूर न्यावे. एकदा खेळ सुरू झाला, की तो हात सोडण्याचेही धैर्य असावे.