तुमसरमधील गोळीबार, बातम्यांवर बंदी अन् उषा मेहतांचा गुप्त रेडिओ

ऑगस्ट १९४२. विदर्भात तुमसर, चिमूर, आष्टी येथे आंदोलकांवर गोळीबार झाला. वृत्तपत्रांवर मात्र कडक निर्बंध होते. मग बातमी पोहोचणार कशी? मुंबईत २२ वर्षांच्या उषा मेहता यांनी सहकाऱ्यांसह २७ ऑगस्टला काँग्रेस रेडिओ सुरू केला. चिमूर-आष्टीची हकिगत या छोट्या केंद्राने लोकांना सांगितली. पोलिसांना माग लागू नये म्हणून ट्रान्समीटर सतत दुसऱ्या जागी हलवला जाई. अखेर एकाच्या फितुरीमुळे १२ नोव्हेंबरला प्रक्षेपण सुरू असतानाच त्या पकडल्या गेल्या. चौकशीत त्यांनी तोंड उघडले नाही. चार वर्षांची शिक्षा झाली. १९४६ मध्ये सुटका झाली. पुढे त्यांनी मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवले. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळाले. २००० मध्ये त्यांचे निधन झाले.