नामदार जगन्नाथ शंकरशेट आणि किनाऱ्यावरील लोखंडी रस्ता

आपल्या नालवाडीपासून वर्धा स्टेशन अगदीं जवळ आहे. मुंबईकडे व नागपूरकडे धांवणाऱ्या गाड्या आपण नित्य पाहतों आणि त्यांत बसून परगांवीं जाणें ही आपणांस अगदीं साधी गोष्ट वाटते. परंतु आपल्या दाराशीं आलेला हा लोखंडी रस्ता येथून शेंकडों मैल दूर, खाड्यांनीं तुटलेल्या समुद्रकिनाऱ्यावर प्रथम सुरू झाला. आणि त्याच्या आरंभाशीं ज्या मराठी गृहस्थांचें नांव कायमचें जोडलें गेलें आहे, ते नामदार जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना होत.

नानांचा जन्म 10 फेब्रुवारी 1803 रोजीं ठाणें जिल्ह्यांतील मुरबाड येथें, दैवज्ञ ज्ञातींतील मुरकुटे घराण्यांत झाला. त्यांचे वडील शंकरशेट हे मुंबईतील मोठे व्यापारी. इ. स. 1822 मध्यें वडील निवर्तले, तेव्हां नानांचें वय अवघें एकोणीस वर्षांचें होतें. एवढ्या कोंवळ्या वयांत अपार संपत्ति हातीं आलेले तरुण बहुधा चैनींत बुडतात. नानांनीं मात्र व्यापार सांभाळून लोककार्याकडे लक्ष वळविलें. मुंबईंत एतद्देशीय मुलांच्या शिक्षणासाठीं ज्या खटपटी त्या काळीं सुरू झाल्या, त्यांत ते प्रारंभापासून पुढें होते. मुलींना शिकविणें हें पाप समजलें जात असतां मुलींच्या शाळेला त्यांनीं आपल्या वाड्यांत जागा दिली. सतीची चाल बंद व्हावी या बाजूचेही ते होते.

आतां त्या काळच्या प्रवासाची स्थिति पाहूं. मुंबई हा मूळचा सात बेटांचा समूह. ठाणें व पनवेलकडे जावयाचें तर होडी, मचवा किंवा पडाव यांची वाट पाहावी लागे, आणि त्यांचें चालणें भरती-ओहोटी व वारा यांवर अवलंबून असे. कोंकणांतील बंदरांना जाणारीं गलबतें पावसाळा लागतांच किनाऱ्यावर ओढलीं जात. मग नारळी पौर्णिमा होईपर्यंत समुद्राची वाट जणूं बंदच. जमिनीवरून श्रीमंत लोक पालखींतून किंवा घोडागाडींतून जात आणि गरीब पायीं चालत. वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून घाट उतरून मुंबईस नेत, आणि वाटेंत धुळीनें व पावसानें त्याची माती होई. जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नीनें दिलेल्या द्रव्यानें माहीमची खाडी बांधून काढली गेली व तो रस्ता इ. स. 1845 मध्यें खुला झाला. एक खाडी ओलांडतां येऊं लागल्यानें लोकांचे किती हाल वांचले, हें मुंबईकरांनीं तेव्हां प्रत्यक्ष पाहिलें.

त्याच सुमारास सर जमशेटजी व नाना यांनीं आगगाडीच्या पुरस्कारासाठीं एक मंडळी स्थापन केली. इंग्लंडांत आगगाड्या सुरू होऊन थोडींच वर्षें झालीं होतीं. हिंदुस्थानांत तर ही कल्पना पुष्कळांना वेडगळ वाटे. पुढें 1849 मध्यें विलायतेंत ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी कायद्यानें स्थापन झाली आणि तिच्या कारभारांत नानांना संचालकाचें स्थान मिळालें. त्यांनीं आपल्या वाड्याचा कांहीं भाग कंपनीच्या कचेरीसाठीं दिला, असें सांगतात. एकट्या नानांनीं आगगाडी आणली असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. विलायतेच्या भांडवलवाल्यांची नजर आपल्या कापसावर होती, आणि त्यांच्या भांडवलावर शेंकडा पांच व्याजाची हमी सरकारनें येथील महसुलांतून दिली होती. नानाही व्यापारीच होते. त्यांना नफ्याचें ज्ञान नव्हतें असें नाहीं. तथापि लोकांचा विश्वास ही भांडवलाइतकीच आवश्यक वस्तु होती. वाफेच्या गाडीविषयीं नाना तऱ्हेच्या भयंकर अफवा उठत असतां लोकांच्या परिचयाचा व आदराचा एक पुरुष त्या कामाच्या पाठीशीं उभा राहिला, ही गोष्ट लहान नव्हे.

ता. 16 एप्रिल 1853 रोजीं दुपारीं साडेतीन वाजून गेल्यावर बोरीबंदराहून पहिली गाडी सुटली. चौदा डबे, तीन इंजिनें आणि सुमारें चारशें निमंत्रित मंडळी. त्यांत नानाही होते. तोफांची सलामी झाली आणि दुतर्फा जमलेल्या हजारों लोकांच्या देखत ती गाडी 21 मैलांवरील ठाण्यास सव्वा तासाच्या आंतबाहेर पोंचली. ज्या वाटेला पायीं जाणारास दिवस घालवावा लागे, ती वाट आतां दोन प्रहरच्या जेवणानंतर निघून सांजवेळेपूर्वीं सरूं लागली. पुढें या गाड्यांत सर्वांत अधिक गर्दी झाली ती तिसऱ्या वर्गाच्या उतारूंची, म्हणजे ज्यांच्यापाशीं पालखी नव्हती व घोडाही नव्हता अशा लोकांची.

दुसऱ्याच वर्षीं ठाण्याच्या खाडीवरील पूल व पारसिकच्या डोंगरांतील बोगदे ओलांडून गाडी कल्याणास गेली. 1856 मध्यें ती बोरघाटाच्या पायथ्याशीं खोपोलीस आली. घाटाचें काम मात्र फार बिकट होतें. पटकी, ताप व अपघात यांनीं तेथें हजारों मजुरांचे प्राण घेतले; त्यांचीं नांवें कोणत्याही शिळेवर कोरलेलीं नाहींत. 1863 मध्यें बोरघाट व 1865 च्या आरंभीं थळघाट खुला झाला. त्यापूर्वीं, 1862 मध्यें, नाना मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद झाले होते. ता. 31 जुलै 1865 रोजीं ते दिवंगत झाले. वर्ध्यावरून नागपुरास जाणारी वाट 1867 मध्यें पुरी झाली. आपल्या या भागांतून धांवणारी गाडी पाहणें नानांच्या नशिबीं नव्हतें.

येथें एक खंत नमूद केल्यावांचून हें चरित्र पुरें होणार नाहीं. जी आगगाडी किनाऱ्यावर जन्मली, ती घाट चढून देशावर व वऱ्हाडांत गेली. परंतु दक्षिणेकडील कोंकणाकडे वळली नाहीं. कापूस होता तिकडे रूळ गेले. हर्णै, जयगड, रत्नागिरी, मालवण व वेंगुर्लें येथील माणसें मात्र पिढ्यान् पिढ्या आगबोटींवरच विसंबून राहिलीं. ता. 17 जुलै 1947 रोजीं, ऐन पावसाळ्यांत, मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें समुद्रांत गेलीं. किनाऱ्यावरील माणसाला जाण्यायेण्याची सुरक्षित वाट नसणें म्हणजे काय, हें त्या दिवशीं घरोघरीं कळलें. रोह्यापासून मंगळूरजवळील ठोकूरपर्यंतची 741 किलोमीटरांची कोंकण रेल्वे 26 जानेवारी 1998 रोजीं राष्ट्राला अर्पण झाली. पहिल्या गाडीनंतर कोंकणच्या या भागाला एकशेंपंचेचाळीस वर्षें वाट पाहावी लागली.

विद्यार्थीमित्रहो, नानांच्या पागेंत घोडे होते, दारांत गाड्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या जाण्यायेण्यास कांहींच अडत नव्हतें. तरीही ज्या गाडींत धनिक आणि मोलकरी एकाच वेळीं एकाच गांवीं पोंचतात, ती गाडी आपल्या देशांत चालावी म्हणून त्यांनीं आपला वेळ, पैसा व नांव पणाला लावलें. स्वतःचें अडत नसतांही दुसऱ्याचें अडतें हें ज्याला दिसतें, तोच खरा लोकनायक. वर्धा स्टेशनावर गाडीची वाट पाहत उभे असतां या पुरुषाचें स्मरण करावें; आणि ज्या गांवीं आजही एखादी गाडी पोंचत नाहीं, त्या गांवाचेंही स्मरण करावें. नानांनीं आरंभिलेलें काम अजून पुरें झालेलें नाहीं, आणि तें पुरें करण्याचा भार आपल्याच पिढीवर आहे.