चाळीस वर्षांचा पश्चात्ताप

जॉन न्यूटन याचा जन्म सन १७२५ मध्यें लंडन शहरीं झाला. तरुणपणीं तो खलाशी झाला व आफ्रिकेंतील माणसें विकत घेऊन विकणाऱ्या व्यापारांत शिरला. सन १७४८ मध्यें त्याचें जहाज अटलांटिक महासागरांत तुफानांत सांपडलें; तेव्हां त्यानें देवाचा धांवा केला व त्याचें मन पालटूं लागलें.

परंतु प्रिय वाचकहो, त्यानंतरच तो गुलामांच्या जहाजाचा कप्तान झाला! वर तो खलाशांची उपासना चालवी आणि खालीं तळांत माणसें सांखळदंडांत पडलेलीं असत. सन १७५४ मध्यें आजारामुळें त्यानें समुद्र सोडला. पुढें सन १७६४ पासून ओल्नी गांवीं तो मंडळीची सेवा करूं लागला. तरी त्या व्यापाराचा जाहीर निषेध करावयास सन १७८८ उजाडलें. त्या वर्षीं पुस्तिका छापून त्यानें आपला दोष कबूल केला. पार्लमेंटांत झगडणाऱ्या विल्बरफोर्स साहेबांसही त्याचा आधार होता. मार्च १८०७ मध्यें ब्रिटिश पार्लमेंटानें तो व्यापार कायद्यानें बंद केला. त्याच डिसेंबरांत न्यूटन वारला.

दिवा एका क्षणांत लागतो, पण घरांतील कोनाडे फार काळ अंधारांत राहतात. आपल्या नित्याच्या कोणत्या व्यवहारावर अजून उजेड पडला नाहीं, हें आपण आजच पाहूं या.